बनुबाईनं वाढवलेला पुरावा

जानेवारीतल्या एका सकाळी कॉलेजच्या शिपायानं बनुबाईला पेपर वाचून दाखवला. जिन्याखाली चहा चालला होता. "बनुबाई, ह्यात तुमचं नाव न्हाई, पण तुमी हायसा," म्हणत त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. सातारच्या कॉलेजातल्या डॉ. सुमंत यांनी कोळ्याची नवी जात शोधून काढली होती. शेजारी त्यांचा फोटो होता आणि फोटोखाली त्यांचे शब्द: 'सफाई करणाऱ्या बाईंचा झाडू त्या कोळ्यावर पडणारच होता. मी वेळेवर पोचलो, म्हणून तो जिवंत राहिला.'

जिन्याखाली हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "बनुबाई, वाचला बिचारा तुमच्या तडाख्यातनं."

बनुबाई हसली नाही. तिनं कप खाली ठेवला आणि म्हणाली, "परत वाच."

त्यानं परत वाचलं.

"मी मारणार व्हते?" ती म्हणाली. तेवढंच. मग झाडू उचलून ती वरच्या मजल्यावर निघून गेली. पण त्या दिवशी तिनं सुमंत सरांवर जो डूख धरला, तो नागिणीलाही जमला नसता.

बनुबाई मूळची माण तालुक्यातली, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीतली. बापाची दीडशे मेंढरं. पाऊस कधी यायचा, कधी नाही. मेंढरं मात्र रोज चरायला न्यावी लागायची. चौथीत शाळा सुटली तेव्हा तिला लिहितावाचता जेमतेम येत होतं, पण दीडशे मेंढरांतलं प्रत्येक मेंढरू ती तोंडावरून ओळखायची. नवरा बिरदेव मुंबईत माथाडी कामगार. यात्रेला आणि दिवाळीला घरी यायचा. पोरीचं लग्न झाल्यावर वाडीत एकटीनं काय करायचं, म्हणून बनुबाई साताऱ्यात गोडोलीला एका खोलीत येऊन राहिली आणि कॉलेजात सफाईला लागली. प्राणिशास्त्राचा मजला तिच्याकडे आला. फरशी पुसायची, काचा पुसायच्या, जळमटं काढायची.

जळमटं काढता काढताच तिच्या ध्यानात आलं की भिंतीवर एक कोळी असा आहे जो जाळं विणतच नाही. आखूड पायांचा, केसाळ, तांदळाच्या दाण्याएवढा. चार पावलं भरभर चालायचा आणि थबकायचा. परत चालायचा, परत थबकायचा. झाडू जवळ नेला की दुसरे कोळी पळून जायचे; हा मात्र वळून तिच्याकडे बघायचा. बनुबाईनं मान डावीकडे कलती केली की तोही डावीकडे वळायचा. पन्नाशीच्या त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इतकं नीट बघत होतं.

तिला भिंग दिलं भार्गवीनं. भार्गवी सांगलीची. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, सुमंत सरांच्या हाताखाली कोळ्यांवरच प्रकल्प करत होती. बाई भिंतीला नाक लावून उभ्या असलेल्या बघून ती हसली नाही. मोबाइलला लावायचं चिमट्याचं भिंग तिनं बनुबाईच्या फोनला लावून दिलं आणि शिकवलं.

"डोळे मोजा, बनुबाई. समोर चार, त्यातले मधले दोन मोठे. बाकीचे चार बाजूला आणि मागं. मधले दोन ट्रकच्या दिव्यांसारखे दिसले की समजायचं, हा उड्या मारणारा कोळी."

"आन उडी मारताना मागं दोरा सोडतंय, त्यो कशाला?"

"तुम्हाला दोरा दिसला?" भार्गवीनं विचारलं. तिला स्वतःला तो दिसायला महिना लागला होता. "उडी चुकली तर खाली पडू नये म्हणून. आधी दोरा भिंतीला चिकटवतो, मग उडी."

"म्हंजी येडं न्हाई," बनुबाई म्हणाली.

पुढं ती भार्गवीच्याही पुढं गेली. आवारातल्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांची रांग होती. त्या रांगेच्या कडेला चालणारी एक मुंगी मुंगी नाहीच, हे तिनंच आधी ओळखलं. "मुंगी फांदीवरनं पडली की पडती. ही दोऱ्याला लोंबकळली. आन पाय मोज, आठ हायती. फुडचे दोन वर धरून मिशा असल्यागत दावतीय, लबाड." भार्गवीनं फोटो काढला, सरांना दाखवला. सरांनी तो वर्गात दाखवला. बनुबाईचं नाव कुणी घेतलं नाही, आणि तेव्हा तिला त्याचं काही वाटलंही नाही.

पेपरातल्या बातमीच्या आधीच्या ऑगस्टात, प्रयोगशाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर तिला एक कोळी दिसला. काळा कुळकुळीत, पाठीवर दोन पांढरे पट्टे, तोंडापुढच्या दोन चिमुकल्या पायांना पांढऱ्या गाठी. असा तिनं आधी पाहिला नव्हता. त्याच्यासमोर हाताच्या अंतरावर एक तपकिरी कोळीण बसली होती. ही मात्र ओळखीची, खिडक्यांवर नेहमी दिसणारी. काळ्यानं पुढचे दोन पाय वर केले आणि तो आडवा आडवा नाचायला लागला. डावीकडे चार पावलं, उजवीकडे चार पावलं, आणि मधेच पोट थरथरवायचा. कोळीण बघत राहिली. शेवटी तो पाय पुढं करून तिच्यापर्यंत पोचला.

बनुबाईनं काळ्याला काचेच्या डबीत धरला आणि सरळ सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. सुमंत सर वाईचे. गोरे, उंच, बोलायला गोड. भिंगातून बघितल्यावर ते खुर्चीतून उठलेच.

"बनुबाई, हा नवा दिसतोय! नवा निघाला ना, तर तुमचं नाव देऊ याला."

"सर, नवा न्हाई त्यो. खिडकीतल्या तपकिरीचा नवरा हाय. नाचताना बघितला मी."

सर हसले. तपकिरी जात शंभर वर्षांपूर्वीच पुस्तकात नोंदवलेली होती आणि तिचा नर कुणाला सापडलेला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. तरीही ते म्हणाले, "बाई, नाच बघून जात ठरत नसते. तुम्ही तुमचं झाडायचं बघा. कोळ्यांचं मी बघतो."

डिसेंबरात त्यांचा लेख कुठल्याशा पैसे भरून छापणाऱ्या नियतकालिकात आला. नव्या जातीला नाव दिलं होतं संस्थेच्या अध्यक्षांचं. अध्यक्षांना सगळे भाऊसो म्हणत. भाऊसोंनी सरांचा सत्कार केला, आणि मग पेपरात ते वाक्य आलं.

नाव दिलं नाही ते बनुबाईनं गिळलं असतं. माणदेशातल्या माणसाला न मिळण्याची सवय असते. पण ज्या हातानं अलगद डबीत घेतला, तो हात मारायला उठला होता असं साऱ्या जिल्ह्याला सांगितलं, हे तिला गिळवेना. वाडीतून भावजयीचा फोन आला, "व्हय गं, तू कोळी मारणार व्हतीस म्हणं?" बनुबाईनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून किती तरी वेळ बसून राहिली. उट्टं काढायचं, हे तिथंच ठरलं. भांडून नाही. भांडली असती तर सर म्हणाले असते, अडाणी बाई आहे, सोडून द्या. त्यांच्याच विद्येत त्यांना उताणं पाडायचं.

फेब्रुवारीत खिडकीच्या खाचेत तिला तपकिरी कोळीण सापडली. पांढऱ्या रेशमाच्या पिशवीत अंडी घातलेली, वर स्वतः पहारा देत बसलेली. बनुबाईनं पोस्टकार्डानं ती पिशवी कोळिणीसकट अलगद सोडवली आणि पदराआड लपवून गोडोलीला नेली. आधी फोटो काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला जळक्या काडीनं खूण केली.

तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर आली. बावीस. खसखशीएवढी, पण डोळे तेच. एकत्र ठेवली तर एकमेकांना खातील, म्हणून मेडिकलवाल्याकडून गोळ्यांच्या पारदर्शक डब्या मागून आणल्या, झाकणांना सुईनं भोकं पाडली आणि बावीस पिल्लं बावीस डब्यांत घातली. पिकलेली केळी ताटलीत ठेवली की चिलटं जमत. ती काचेच्या पेल्यात धरून एकेका डबीत दोन दोन सोडायची. कापसाच्या बोळ्यावर पाण्याचा एक थेंब. सकाळी कामावर जायच्या आधी, संध्याकाळी आल्यावर. स्वतःच्या पोरीला तिनं इतक्या वेळेवर भरवलं नव्हतं.

माया होती का? होती, पण तिच्या पोटात राग होता. चिलटावर झेप घालणाऱ्या पिल्लाला ती म्हणायची, "खा बाबा, मोठा हो. तुला साक्ष द्यायचीय." एखादं मेलं की तिला रडू यायचं नाही, दात ओठ खाऊन ती म्हणायची, "गेला एक साक्षीदार."

एप्रिलपर्यंत बावीसची नऊ राहिली. आई कोळीणही मेली. तिला बनुबाईनं कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवली. प्रत्येक पिल्लू कात टाकायचं तेव्हा ती पोकळ कात चिकटपट्टीनं कॅलेंडरच्या त्या तारखेवर लावायची आणि खाली डबीचा आकडा घालायची. कुणाची चौथी कात, कुणाची पाचवी. आणि सगळी पिल्लं तपकिरी. मे गेला, तपकिरी. जून उजाडला, तरी नऊच्या नऊ तपकिरी. बनुबाई एकेक डबी उजेडाला धरून बघायची. आपणच चुकलो काय? त्या दिवशी टाकीवर जे बघितलं ते चुकीचं होतं काय?

जुलैत सात नंबरच्या डबीतलं पिल्लू रेशमाची पिशवी विणून आत बसलं. पाच दिवस खाल्लं नाही. सहाव्या दिवशी सकाळी बनुबाईनं झाकण उघडलं, तर कातीशेजारी एक ओला, काळा कुळकुळीत कोळी बसला होता. पाठीवर दोन पांढरे पट्टे.

ती एकटीच हसत सुटली. "सुमंत्या," ती मोठ्यानं म्हणाली, "आता ये."

महिन्याभरात आणखी तीन काळे निघाले. चार तपकिरीच राहिल्या, त्या माद्या. शेवटचं एक पिल्लू मागं पडलेलं होतं. भार्गवी या काळात रोज भेटायची. तिचा अख्खा प्रकल्प आता त्या 'नव्या' जातीवर होता: दोन शेजारी जाती, कोण कुठं राहते, कोण काय खाते. ती उत्साहानं सांगायची आणि बनुबाई फरशी पुसत ऐकायची. एकदा जिभेवर आलं होतं, पण तिनं ते परत गिळलं. पोरीला सांगितलं तर पोरगी सरांना सांगणार, सर गुपचूप लेख दुरुस्त करणार आणि परत हसणार. बनुबाई मूग गिळून बसली.

ऑगस्टाच्या शेवटी कॉलेजात दोन दिवसांची परिषद भरली. पुढच्या रांगेत भाऊसो. पाहुण्या म्हणून आल्या होत्या राजेश्वरी मॅडम, मूळच्या कोल्हापूरच्या, चाळीस वर्षं कोळ्यांवर काम केलेल्या, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. सरांचं भाषण झालं. पडद्यावर काळा कोळी वीस हात मोठा दिसला. टाळ्या झाल्या. मग चहा.

बनुबाईनं राजेश्वरी मॅडमपुढं कप ठेवला, आणि कपाशेजारी पिशवीतून काढून नऊ डब्या मांडल्या. काडेपेटी ठेवली. कॅलेंडर उलगडलं.

"मॅडम, आवं, जरा बघता का? ही एका आईची पोरं हायती. ही आई. ह्या काती."

सुमंत सर धावत आले. "बनुबाई, हे काय? मॅडम, माफ करा, सफाई कामगार आहेत."

"थांबा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून भिंग काढलं. एकेक डबी उचलली. कॅलेंडरची पानं उलटली. फोनवरचे फोटो बघितले. त्यांचा चहा गार झाला. लोक गोळा झाले. भार्गवी मागं उभी होती.

"हे काळे आणि हे तपकिरी, दोन ठिकाणांहून गोळा केले नाहीत कशावरून?" सर म्हणाले. आवाज चढला होता.

बनुबाई याचीच वाट बघत होती. तिनं शेवटची डबी पुढं सरकवली. "ह्यो अजून तपकिरी हाय. पण मॅडम, तोंडापुढचं पाय बघा. गाठी आल्यात. नर हाय ह्यो. पिशवीत बसलाय, खाईना झालाय. आज-उद्या कात टाकंल. तुमी घेऊन जावा, तुमच्या खोलीत ठेवा. पांढरं पट्टं न्हाई निघालं, तर झाडू माझ्या गळ्यात बांधा आन पेपरात फोटो छापा."

मॅडमनी भिंगातून बघितलं. मग त्या सरांकडे वळल्या. "तपकिरी आहे, आणि नर आहे. हे तर मला आत्ताच दिसतंय. बाकीचं उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सभागृहात पाऊल ठेवायला जागा नव्हती. मॅडमनी डबी कॅमेऱ्याखाली धरली. पडद्यावर रिकामी तपकिरी कात दिसली आणि शेजारी काळा कोळी. पाठीवर दोन पांढरे पट्टे. तो वळला आणि आपल्या दिव्यांसारख्या डोळ्यांनी सगळ्या सभागृहाकडे बघत राहिला.

"जात एकच आहे," मॅडम म्हणाल्या. "जुनीच. नवं नाव आता टिकणार नाही."

भाऊसो जागेवरून उठले. "टिकणार न्हाई म्हंजी? माझं नाव खोडणार?"

"खोडावं लागेल."

"सुमंत," भाऊसो म्हणाले, "सत्काराला तीनशे माणसं जेवली. त्यांना आता काय सांगू?" सरांचा चेहरा पिठासारखा झाला होता. बनुबाई दाराशी उभी होती. तिनं तो चेहरा पोटभर बघून घेतला, एखाद्या भुकेल्या माणसानं भाकरी खावी तसा. कोपऱ्यात बसलेल्या बातमीदाराकडे जाऊन ती म्हणाली, "आता लिवा. मी मारणार नव्हते."

त्यानं लिहून घेतलं, पण छापलं नाही. छापली ती भाऊसोंच्या नावाची बातमी.

महिन्याभरात सरांची बदली संस्थेच्या सांगलीच्या शाखेत झाली. जाताना ते प्रयोगशाळेत आले. बनुबाई काचा पुसत होती.

"मला आधी सांगितलं असतंत तर?"

"सांगिटलं व्हतं. तुमी हसला."

सर म्हणाले, "चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," बनुबाई म्हणाली आणि पुढची काच पुसायला लागली.

सूड पुरा झाला होता, पण त्याची धार एका भलत्याच ठिकाणी लागली होती. भार्गवीचा प्रकल्प रद्द झाला. दोन शेजारी जाती म्हणून वर्षभर मांडलेल्या तक्त्यांतली एक जात मुळात नव्हतीच. नवरा-बायकोची तुलना करून ठेवली होती पोरीनं. ती वर्ष सोडून सांगलीला घरी निघून गेली. फोन उचलेना.

दिवाळी झाल्यावर बनुबाईनं कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घातलं, डब्यांपैकी जिवंत उरलेल्या दोन घेतल्या आणि सांगलीची एसटी धरली. पत्ता विचारत विश्रामबागेत, भार्गवीच्या घरी पोचली. दार भार्गवीच्या आईनं, उमाताईंनी उघडलं. त्यांनी पाणी दिलं. भार्गवी आतून आली, पण बसली नाही.

"मला तरी सांगायचं होतं, बनुबाई."

"तुला सांगिटलं असतं तर तू त्यांना सांगिटलं असतंस."

"हो, सांगितलं असतं! आणि माझं वर्ष वाचलं असतं. तुम्ही रोज माझं ऐकत होतात. रोज. आणि गप्प बसत होतात."

सरांना द्यायची उत्तरं बनुबाईनं सात महिने घोकून ठेवली होती; या पोरीसाठी एकही ठेवलं नव्हतं. "माझा डोळा त्यांच्यावर व्हता," ती शेवटी म्हणाली. "तू मधी उभी हायस ते दिसत व्हतं. तरी थांबले न्हाई. खोटं कशाला बोलू?"

उमाताई लेकीकडे बघत राहिल्या. बनुबाईनं कॅलेंडर टेबलावर ठेवलं, डब्या ठेवल्या. "मला लेख लिवता येत न्हाई. ह्यातलं काय कामाला आलं तर बघ. न्हाई आलं तर डब्या कुंडीपाशी उघड, त्यांचं ते बघून घेतील." आणि ती उठली.

ती फाटकाशी पोचली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला. "तीन नंबरची पाचवी कात कुठंय? चौथीनंतर एकदम सहावी लावलीय."

"पाचवी त्या पिल्लानंच पायाखाली तुडवली," बनुबाई वळून म्हणाली. "तुकडं हायती. जूनच्या पानामागं पुडीत लावल्यात."

ती परत आत आली. त्या दिवशी तिची संध्याकाळची गाडी चुकली. दोघींनी टेबलावर बसून बावीस पिल्लांचा हिशेब मांडला; कोण कधी जन्मलं, कितव्या कातीला मेलं, कुणाचा रंग कधी पालटला. भार्गवी बोलली ती फक्त कोळ्यांबद्दल. पहिल्यासारखी हसली नाही, आणि बनुबाईनंही तशी अपेक्षा केली नाही.

लेख छापून आला तो पुढच्या चैत्रात, राजेश्वरी मॅडमनी तपासून दिलेला. वर दोन नावं होती. पहिलं बनुबाईचं, दुसरं भार्गवीचं. भार्गवी आता राजेश्वरी मॅडमच्याच हाताखाली शिकत होती. तिनं फोन करून सगळा लेख मराठीत सांगितला. बनुबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सुमंत सरांनी वाचला का?" तिनं विचारलं.

"मी त्यांना पाठवला होता. वाचला म्हणाले."

"परत एकदा वाचा म्हणावं," बनुबाई म्हणाली.